सैलभाऊचा डावा हात

ताणल्या जाणाऱ्या माणसाचं चित्र काढणं हे फार फसवं काम आहे. एकवीस वर्षं तेच करून सांगते आहे, ऐकीव नाही. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, हात लांब काढला की झालं. नुसता लांब काढला तर त्याची दोरी होते, आणि दोरीला कुणी नायक म्हणत नाही.

दंड फुगवणाऱ्या नायकांचं आपलं बरं असतं. छाती रुंद काढायची, दंडावर बेडकुळ्या काढायच्या, पाठीमागे झगा फडकवायचा, की निघाला जग वाचवायला. मुखपृष्ठावर तोच पुढे. आमचा ताणला जाणारा गडी मागच्या रांगेत, ओठ कानापर्यंत ओढून, बघणाऱ्यांना हसवायला. लेखक मंडळीही त्याच्या तोंडी शहाणपणाचं वाक्य देत नाहीत. ताठ उभा राहतो त्याला मान द्यायचा आणि वाकतो त्याला हसायचं, ही जगाची जुनी खोड. मला ती कधी पटली नाही. न पटलेलं मी मनात ठेवत नाही, तिथल्या तिथे बोलून मोकळी होते. माझ्या या गुणाचं कौतुक करणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

आमच्या नायकाचं नाव सैलभाऊ. मुलांच्या मासिकात दर महिन्याला त्याची आठ पानं असतात. नोकरी ग्रंथालयात शिपायाची. खुर्चीतून न उठता सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक काढून देतो आणि वर मागणाऱ्याच्या डोक्यात टपली मारतो. अंगात आडव्या पट्ट्यांचा स्वेटर. हे पट्टे ही माझी अक्कलहुशारी. प्रत्येक बाहीवर बरोब्बर अकरा. हात ताणला की पट्टे एकमेकांपासून लांब जातात, त्यामुळे हात किती दूर गेला ते वाचणाऱ्याला न सांगता कळतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा मी कायम टेबलावर ठेवते. तो ताणला की मधला भाग बारीक होतो, टोकं तशीच राहतात. कोपर मी कधी पुसून टाकत नाही, हात कितीही लांब गेला तरी तिथे एक वळी ठेवते. आणि पंजाला तर धक्काच लावत नाही. पंजा माणसाच्या मापाचा राहिला, तरच त्याने धरलेली वस्तू माणसाने धरल्यासारखी वाटते.

गोष्टी लिहितो माझा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणतात. आता सेहेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटलंय, केस पिकलेत, तरी बारक्याच. सैलभाऊ जन्मला तो बारक्याच्या गोवरामुळे. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, मी बारा. त्याला वरच्या खोलीत ठेवलेलं आणि मला जिना चढायची बंदी. तो दिवसभर खिडकीत तोंड पाडून बसायचा, मी खाली कठड्यावर. तिसऱ्या दिवशी त्याने दोरीला चिठ्ठी बांधून खाली सोडली. ‘एक माणूस आहे. त्याचा हात खिडकीतून खाली बहिणीपर्यंत येतो. काढ.’ मी काढला, चित्र दोरीला बांधलं, त्याने वर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुढची चिठ्ठी आली. बारक्या बरा होईपर्यंत दोन वह्या भरल्या होत्या. आमची कामाची पद्धत तेव्हापासून तीच. त्याने लिहून पाठवायचं, मी काढायचं आणि अडलं की ओरडून विचारायचं. पुढे ओरडण्याच्या जागी फोन आला एवढंच, एकाच घरात, या खोलीतून त्या खोलीत. ‘अरे, हा उजव्या हाताने दार उघडतोय, पण उजव्या हातात तर छत्री आहे, दातांनी उघडू का?’ असे दिवसाला दहा फोन व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी ते फोन बंद झाले.

बाबांच्या खोलीत भिंतीवर किल्लीचं जुनं घड्याळ आहे. दर आठ दिवसांनी त्याला किल्ली द्यावी लागते. तेव्हा आम्ही तिघं एकाच घरात राहायचो. त्या सकाळी मी बाजारात गेले होते. बाबांनी स्टूल ओढलं आणि शेजारच्या खोलीत लिहीत बसलेल्या बारक्याला ते धरायला हाक मारली. तो म्हणाला, आलो, पाच मिनिटांत. बाबांचा स्वभाव माझ्यासारखाच, पाच मिनिटं थांबणं त्यांच्या रक्तात नाही. ते चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने अंथरुणात गेले, आणि तेव्हापासून ते चार पायांचा वॉकर घेऊन चालतात.

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात, चार माणसांसमोर, मी बारक्याला म्हणाले, “तुझ्या सैलभाऊचा हात सात गल्ल्या ओलांडतो. तुझा एका भिंतीपलीकडे पोचला नाही.”

महिन्याभरात त्याने वेगळी खोली घेतली. बाबांना भेटायला तो दर बुधवारी येतो, कारण बुधवारी दुपारी मी मासिकाच्या कचेरीत असते हे त्याला पाठ आहे. वाक्य तोंडातून सुटलं तेव्हाच मला कळलं होतं की हे जास्त झालं. पण कळणं आणि कबूल करणं यांच्यात माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

त्यानंतर बारक्याची संहिता कचेरीमार्फत पाकिटातून येऊ लागली, कोरडी ठणठणीत. पूर्वी तिच्या समासात काय काय असायचं. ‘ताई, या चोराचं नाक शेजाऱ्यांसारखं काढ, पण कळू देऊ नकोस.’ आता समास रिकामे. चौकट एक, चौकट दोन, चौकट तीन. मीही हट्टाला पेटले. लिहिलंय तेवढंच काढायचं, एक रेघ जास्त नाही. तरी खरं सांगते, त्या पाकिटाची मी वाट बघायचे. महिन्यातून एकदा मला त्याचं अक्षर दिसायचं आणि अंक छापून आला की त्याला माझी रेघ. आमच्या दोघांत उरलेलं बोलणं तेवढंच होतं.

अशाच एका पाकिटात चौथ्या पानावर हे निघालं. ग्रंथालयाच्या खिडकीतून सैलभाऊला रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या घरात एक म्हातारा दिसतो. म्हातारा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो आहे. स्टूल डगमगतं. सैलभाऊ डावा हात खिडकीबाहेर काढतो, रस्त्यावरून पार त्या टोकापर्यंत नेतो आणि स्टूल धरतो.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता हा बापाच्या मोडक्या हाडाची गोष्ट करून विकायला निघाला. दातओठ खात मी ते पान काढलं. पाचव्या पानावर ग्रंथालयात चोर शिरतो, सैलभाऊ उजव्या हाताने त्याला तीन वेढे देऊन आवळतो, पोलीस येतात, टाळ्या वाजतात, गोष्ट संपते. डावा हात परत आल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सहाव्या पानावर असताना हे माझ्या लक्षात आलं. पूर्वीचे दिवस असते तर ब्रश खाली ठेवायच्या आत फोन केला असता. आता म्हटलं, लिहिलं नाही ना, मग काढणार नाही. डावी बाही मी प्रत्येक चौकटीत कडेबाहेर जाऊ दिली. शेवटच्या चौकटीत सैलभाऊ सगळ्यांना उजवा हात हलवून दाखवतो आणि डावी बाही तशीच पानाबाहेर. अक्षरं भरणाऱ्याने तिच्यावर नेमका संवादाचा फुगा टाकला, आणि मग माझ्याही डोक्यातून ते गेलं. चूक मी मुद्दाम केली नाही, पण मुद्दाम सुधारलीही नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

अंक बाहेर पडल्याला महिना होत आला तेव्हा संपादकबाईंनी बोलावून घेतलं. बाई अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक, पण त्यांचं नाही म्हणजे नाही. त्यांच्या टेबलावर पत्रांचा ढीग होता. त्यांनी एकेक पत्र माझ्यापुढे सरकवलं. पहिलं तिसरीतल्या एका मुलीचं होतं. ‘सैलभाऊचा डावा हात चौथ्या पानावर बाहेर गेला तो परत आलाच नाही. मी तीनदा बघितलं. माझा दादा म्हणतो, हात कंटाळला असेल आणि आजोबा पडले असतील. मी म्हणते, सैलभाऊ सोडणार नाही. आमची पैज लागली आहे. लवकर कळवा, मला आजोबांची काळजी वाटते.’ दुसरं एका घड्याळजींचं. त्यांचं म्हणणं, चित्रातलं घड्याळ आठ दिवसांच्या किल्लीचं दिसतं, त्याला किल्ली द्यायला दीड मिनिट पुरतं, तर महिनाभर म्हातारबुवा वर काय करत आहेत? एका शिक्षिकेने वर्गात मतदान घेतलं होतं. हात अजून धरून आहे, असं म्हणणारे एकतीस, म्हातारा पडला म्हणणारे सात.

मला हसू आलं. बाईंना आलं नाही. मासिकाच्या मालकांना दंडवाला नायक हवाच होता आणि त्याची चार पानं नमुन्याला करूनही झाली होती, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मग चष्मा काढून ठेवला.

“तुम्ही बहीणभावांनी भांडावं की नाही, हा तुमचा प्रश्न. पण आता तुमच्या भांडणात एक म्हातारा स्टुलावर अडकलाय. सोमवारी दोघं इथे या, एका टेबलाशी बसा आणि त्याला खाली उतरवा. जमत नसेल तर सैलभाऊ बंद.”

सैलभाऊ बंद म्हणजे पाकीट बंद. चालत घरी येईपर्यंत मी बाईंवर चिडले, मालकांवर चिडले, त्या घड्याळजींवरही चिडले, आणि घराच्या पायऱ्या चढताना चिडायला कुणी उरलं नाही. पाकीट बंद झालं तर बारक्याचं अक्षर मला दिसणार कुठे?

बाबा खुर्चीत बसून तोच अंक वाचत होते. आमचे पहिले वाचक तेच, आणि पहिले टीकाकारही. मी टेबलाशी बसून हात परत आणायच्या दहा तऱ्हा पेन्सिलीने काढून बघत होते, एकही धड जमत नव्हती. मधूनच त्यांनी पाणी मागितलं, मी म्हटलं, पाच मिनिटं हं बाबा. थोड्या वेळाने त्यांनी चष्म्याचं घर मागितलं, मी तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी काय मागितलं ते मी ऐकलंही नाही, उत्तर मात्र दिलं.

“पाच मिनिटं सगळेच म्हणतात,” बाबा म्हणाले. “तू आत्ता तिसऱ्यांदा म्हणालीस. मी उठून चढलो असतो कुठेतरी, तर?”

पेन्सील माझ्या हातात तशीच राहिली. मी उठून त्यांना पाणी दिलं. त्यांनी अंक माझ्यापुढे धरला आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. म्हणाले, स्टूल आपलंच काढलंयस, एक पाय आखूड आहे बघ. म्हातारा मात्र माझ्याइतका देखणा जमला नाही. मग बोट पंजावर सरकवलं. हा बघ, किती घट्ट धरलंय. मी बघितलं. रागारागाने काढलेला तो पंजा खरंच घट्ट होता, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. मी काढताना हे मला दिसलंच नव्हतं.

“पडलो त्याचं दुखणं मला आता राहिलेलं नाही,” बाबा म्हणाले. “बुधवारी एक येतो आणि बाकीचे सहा दिवस दुसरी असते, ते दुखतं.”

भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं सव्वादहा वाजवून गप्प होतं. बाबा पडल्यापासून त्याला कुणी किल्लीच दिली नव्हती. वर चढायला मला भीती वाटत होती असं नाही. खाली धरायला कुणाला सांगायचं, हा प्रश्न होता.

सोमवारी मी वेळेआधी पोचले, म्हटलं आपण आधी बसलेलं बरं. बारक्या माझ्याही आधी येऊन बसला होता. त्याने नवा चष्मा घेतला होता आणि तो त्याला अजिबात शोभत नव्हता. हे सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, पण मी मूग गिळून बसले. संपादकबाईंनी पत्रांचा ढीग आमच्यामध्ये ठेवला, दार ओढून घेतलं आणि निघून गेल्या.

बराच वेळ आम्ही दोघं पत्रंच वाचत राहिलो. मग त्याने कागदाकडे बघत विचारलं की हात रबरासारखा फटकन परत आला तर चालेल का, एका चौकटीत काम होईल, मुलंही हसतील. मी म्हटलं, आणि म्हातारा? त्याने पुढचं पत्र उचललं. मी पिशवीतून ट्यूबचा तुकडा काढून बोटांनी चाळा करत बसले. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं की हात परत येतो एवढं साधं वाक्य लिहायचं विसरलास कसा.

“विसरलो नाही,” बारक्या म्हणाला. “सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा खोडलं. हात सोडायचा म्हटलं की पुढे लिहवेना. मग म्हटलं, राहू दे. ताईच्या लक्षात येईल, ती फोन करेल, तेव्हा बोलू.”

म्हणजे तो विकत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी जिथे पोचायला हवं होतं तिथे निदान कागदावर पोचला होता आणि आता सोडायला तयार नव्हता. आणि माझ्या फोनची वाट बघत होता. माझे डोळे भरून आले. असल्या वेळी मला राग आल्याचं सोंग करता येतं, पण त्या दिवशी ते जमलं नाही.

“इस्पितळात बोलले ते मला परत घ्यायचंय,” मी म्हणाले. “ताणलेला हात परत येतो, बोललेलं येत नाही, हे मला कळतं. तरी माफ कर मला.”

तो म्हणाला की वाक्य तसं चांगलं होतं, त्याला स्वतःला सुचलं असतं तर त्याने गोष्टीत वापरलं असतं. हा आमचा बारक्या. मग चष्मा पुसत, खालच्या आवाजात म्हणाला की पण ताई, मी हाक ऐकली होती आणि पाच मिनिटं म्हणालो होतो, ते काही खोडता येत नाही. मी त्याला सांगितलं की परवा बाबांना मी तेच तीनदा म्हणाले, आणि ते पडले नाहीत यात माझं काही कर्तृत्व नाही. त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

बोलताना मी ट्यूबचं एक टोक पत्रांवरच्या वजनाखाली अडकवलं होतं आणि दुसरं टोक धरून ताणत होते. एरवी ताणून बघितलं की मी अडकवलेलं टोक सोडवते आणि ट्यूब फटकन माझ्याकडे येते. एकवीस वर्षं असंच. सैलभाऊचा हात नेहमी असाच परत आला, दूरचं टोक जवळ. त्या दिवशी सोडवायला हात धजला नाही. मी अडकवलेलं टोक तसंच ठेवलं आणि माझा हात हळूहळू वजनाकडे नेला. ट्यूब आखडत गेली, वजनाखालची पकड मात्र जागची हलली नाही.

“बारक्या,” मी म्हटलं, “हात परत यायची गरजच काय? सैलभाऊच जाईल हाताकडे.”

तो ट्यूबकडे बघत राहिला. मग त्याने शिक्षिकेचं पत्र उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.

पुढचे तीन तास आम्ही अक्षरशः भांडलो, आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू. सैलभाऊ ग्रंथालयातून बाहेर पडतो आणि स्वतःच्याच हाताच्या कडेकडेने चालू लागतो. महिनाभर हात रस्त्यावरून गेलेला, त्यामुळे लोकांनी तो आपलासा केलेला. कुणी त्यावर कपडे वाळत घातलेत. कबुतरं ओळीने बसलीत. एका दुकानदाराने त्याला पाटी टांगली आहे. सैलभाऊ प्रत्येकाला म्हणतो, माफ करा, हा माझाच. बारक्याला वाटेत आणखी एक चोर हवा होता, मी हाणून पाडला. मला पाऊस हवा होता, तो त्याने हाणून पाडला. मग माझी पंचाईत झाली. जुन्या अंकात हात खिडकीतून डावीकडे गेलेला, आणि आपण वाचतो डावीकडून उजवीकडे. सैलभाऊ डावीकडे चालत राहिला तर वाचणाऱ्याला तो मागे मागे जातोय असं वाटणार. मी दोन कागद फाडले आणि मग सुचलं की आता आपण खोलीत कशाला उभं राहायचं, रस्त्यावर उभं राहून बघू. बाहेरून बघितलं की डावं-उजवं उलटतं आणि तोच हात उजवीकडे, पुढे जाताना दिसतो. पट्टेही माझ्या मदतीला आले. पहिल्या पानावर पट्ट्यांत लांबच लांब अंतर, चालता चालता ते जवळ येत जातात. अकरावा पट्टा आला की म्हाताऱ्याचं दार.

शेवटच्या चौकटीत घोडं अडलं. म्हातारा स्टुलावर उभा आहे, सैलभाऊ दारात पोचला आहे. महिनाभर वर उभ्या असलेल्या माणसाने आता काय म्हणायचं? बारक्याने चार वाक्यं लिहिली आणि चारही काट मारून टाकली. एकात म्हातारा रागावत होता, एकात आभार मानत होता. कुठलंच खरं वाटत नव्हतं.

“बाबांना विचार,” मी म्हटलं.

“आज सोमवार आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला कोणता वार आहे ते. चल.”

ती पानं पुढे छापली गेली. तिसरीतली मुलगी पैज जिंकली आणि तिने दादाकडून काय वसूल केलं तेही सविस्तर कळवलं. मालकांनी दंडवाल्याला मागच्या दोन पानांवर जागा दिली, तो अजून तिथेच दंड फुगवून उभा आहे. संहिता आता पाकिटातून येत नाही, आणि परवाच्या समासात लिहिलं होतं, ‘ताई, हा म्हातारा बाबांपेक्षा देखणा काढ, पण कळू देऊ नकोस.’ पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आम्ही दोघं एकत्र दारात उभे राहिलो तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि विचारलं की आज बुधवार आहे का.

बारक्याने खुर्चीशेजारी बसून त्यांना सगळी गोष्ट सांगितली. कबुतरं, पाटी, अकरावा पट्टा. आणि विचारलं की तो म्हातारा काय म्हणेल. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे हनुवटी करून म्हणाले, आधी त्याला किल्ली द्या, मग सांगतो.

मी स्टूल आणलं. त्याचा आखूड पाय डगमगत होता. बारक्या जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं. मी वर चढले, घड्याळाचं दार उघडलं, किल्ली घातली. दोन वर्षांनी ती आधी करकरली, मग फिरू लागली. खालून बारक्याने विचारलं, बाबा, आता सांगा ना.

“काय सांगायचंय त्यात,” बाबा म्हणाले. “तो म्हणेल, आलास? पाच मिनिटांत येतो म्हणाला होतास, आलास की.”

बारक्याचं कपाळ स्टुलाच्या कडेला, माझ्या पावलाशी टेकलं होतं, आणि त्याचे खांदे हलत होते, पण स्टूल हललं नाही. मी लंबकाला बोट लावलं. घड्याळ सुरू झालं. किल्ली देऊन झाली होती, काटे लावून झाले होते, तरी मी जरा वेळ वरच उभी राहिले. खाली त्याने धरलेलं होतं.